लिहिणारं टोक

बी.एड.ची जुनी पुस्तकं घ्यायला मी पहिल्यांदा बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकात आलो होतो. यंदा लेकीबरोबर आलो. तिला सी आणि युनिक्सचं पुस्तक हवं होतं. तिने कॉम्प्युटर घेतलं, माझ्यासारखी शिक्षकी धरली नाही, हे मला अजून पचलेलं नाही. दोन वर्षं मी तिला तेच ऐकवतोय. हल्ली ती उत्तर देत नाही.

पुस्तक मिळालं. अमृततुल्यात चहा सांगितला, तर हिने लॅपटॉप उघडला. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल आणि प्रोग्रॅम अडकलेला.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"पाइप आहे, अब्बू. दोन प्रोसेसना एकमेकींची मेमरी दिसत नाही. मग कर्नल मध्ये एक नळी धरतो. एका टोकातून लिहायचं, दुसऱ्यातून वाचायचं. एकदा वाचलं की ते नळीतून गेलं."

कल्पना डग मॅकिलरॉय यांची. केन थॉम्पसन यांनी 1973 साली ती युनिक्समध्ये उतरवली. म्हणजे ही नळी माझ्याहून वयाने मोठी.

अडलं कुठे ते सापडेपर्यंत चहा निवला. फोर्क केलं की एका प्रोसेसच्या दोन होतात, पेरेंट आणि चाइल्ड (नावं त्यांचीच, मी ठेवलेली नाहीत), आणि नळीची दोन्ही टोकं दोघांच्याही हाती येतात. पेरेंटने लिहून आपलं टोक बंद केलं आणि चाइल्ड संपण्याची वाट बघत बसला. चाइल्डने सगळं वाचलं, पण लिहायचं टोक त्याच्याकडेही उघडंच राहिलं होतं. असं एक जरी टोक उघडं असलं, तरी कर्नल 'संपलं' म्हणून सांगत नाही. अजून कुणी लिहील असं धरून चालतो. म्हणजे चाइल्ड स्वतःचीच वाट बघतोय आणि पेरेंट त्याची. एरर नाही, काही नाही. नुसती शांतता. ती मला ओळखीची वाटली.

तिने चाइल्डच्या भागात क्लोजची एक ओळ घातली. प्रोग्रॅम क्षणात संपला.

"आणि चाइल्डला उत्तर द्यायचं असेल तर? याच नळीतून?"

"नाही ना. यातूनच दोघं लिहायला लागले, तर पेरेंट आपलंच बोलणं परत वाचेल. त्याला दुसरा पाइप लागतो."

मी कप खाली ठेवला. "उद्याचं प्रॅक्टिकल झालं की तुला पुढे काय करायचंय ते सांग. मी मध्ये बोलणार नाही."

तिने मान वर केली. "आत्ता सांगू?"

मगरिबला अजून अर्धा तास होता. मी आणखी दोन चहा सांगितले.