आईचं देणं
फणसाडचं रान रोहा आणि मुरूड तालुक्यांत पसरलंय. 1986 पासून ते अभयारण्य आहे. तिथलं सांबर रवंथ करताना दिसलं की मला त्याच्या पोटातली वस्ती आठवते. थेंबाथेंबात हजारो एकपेशीय जीव, बारीक लव हलवत पोहणारे, चारा पचवणारे. 1843 मध्ये ग्रुबी आणि देलाफों यांनी रवंथ करणाऱ्या जनावरांत ते पहिल्यांदा नोंदवले.

जन्मलेल्या पाडसाच्या पोटात ते नसतात. आई चाटते, तिच्या लाळेतून येतात.

म्हणून पेणकडे कुणी एकटं दिसलेलं भेकराचं पिल्लू 'वाचवून' घरी आणलं, की माझा जीव खालीवर होतो. बाटलीतून दूध मिळेल, पण ही वस्ती? तिच्यावाचूनही जनावर जगतं, पण आईचं देणं हुकतं. आई बहुतेक वेळा जवळच चरत असते. पिल्लाला हात न लावता वनखात्याला कळवा.