दोन नोंदवह्या

धर्मगुरूने कुत्र्यांच्या प्रदर्शनाविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. एके काळी मलाही वाटले असते. परंतु माणसाला स्वतःची चूक कोठे उमगेल, याचा नेम नसतो. माझी एक चूक मला उमगली ती प्रार्थनामंदिरात नव्हे, वार्षिक आध्यात्मिक साधनेतही नव्हे, तर सातासमुद्रापलीकडे, हजारो कुत्र्यांच्या गलबल्यात.

त्याचे असे झाले. मावळातील ज्या धर्मग्रामात मी तेव्हा सेवेला होतो, तेथे रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध इंजिन-ड्रायव्हर राहत असत. बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत मागून रेटा देणारी बँकर इंजिने त्यांनी उमेदीची सारी वर्षे चालविली होती. लहानथोर सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. पत्नी निवर्तलेली, मुलगी इंग्लंडात परिचारिका. घरात सोबत म्हणून होती ती बिजली नावाची कारवानी कुत्री.

लोणावळ्यात विलायती कुत्र्यांना तोटा नाही. शनिवारी मुंबईहून मोटारी येतात, बंगल्यांची दारे उघडतात आणि तऱ्हेतऱ्हेची कुत्री हिरवळीवर उतरतात. रविवारी संध्याकाळी मोटारी परततात. क्वचित एखादे कुत्रे मागेच राहते. त्याची हौस फिटलेली असते. मग ते बंगल्याच्या माळ्यापाशी, नाहीतर चिक्कीच्या दुकानांपुढे दीनवाणे उभे राहते. काका म्हणत, ‘‘फादर, त्याच्या वंशावळीचा कागद मालकाच्या कपाटात असतो आणि हे इथं पावसात असतं.’’

बिजलीला असा कागद नव्हता. उंच पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि निमुळते लांब मुस्कट. व्यापारी तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, हिचे पूर्वज पश्चिमेकडून दख्खनेत आले अशी समजूत आहे. त्यावरून कारवानी हे नाव पडले. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या कोरडवाहू मुलखात शेतकऱ्यांनी आणि धनगरांनी हे कुत्रे राखणीसाठी आणि पूर्वी सशाच्या शिकारीसाठी जपले. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोडी बादशहा पाचव्या जॉर्जला नजर केली आणि मुधोळचे नाव तिला चिकटले. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होते. २०१६ साली लष्करानेही ही कुत्री प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. हे सारे काका मला घरच्या लेकीचे कौतुक सांगावे तसे सांगत.

२०१२ च्या प्रायश्चित्तकाळात काही आठवडे इंग्लंडमधील एका धर्मग्रामात मदतीला जाण्याचा योग आला. काकांची मुलगी बर्मिंगहॅमजवळच राहत होती. निघताना काकांनी बजावले, ‘‘फादर, तिथं कुत्र्यांची मोठी जत्रा भरते. माझं जाणं आता होत नाही. तुम्ही बघून या आणि परीक्षक नेमकं काय बघतो, ते मला सांगा.’’

ही जत्रा म्हणजे क्रफ्ट्सचे प्रदर्शन. चार्ल्स क्रफ्ट नावाच्या गृहस्थाने १८९१ साली लंडनमध्ये ते सुरू केले आणि १९९१ पासून ते बर्मिंगहॅमला भरते. मार्चमधील चार दिवस तेथे हजारो कुत्री येतात. काकांच्या मुलीबरोबर मी गेलो आणि बिजलीच्या गोताची वाटणारी साळुकी जातीची कुत्री ज्या रिंगणात होती, तेथे जाऊन बसलो.

परीक्षकाचे काम मी लक्ष देऊन पाहिले. रिंगणात त्याला कुत्र्याच्या धन्याचे नाव सांगत नाहीत. धन्याच्या अंगावर केवळ क्रमांक असतो. आधी सर्व कुत्री ओळीने उभी राहतात. मग एकेकाची पाळी येते. परीक्षक पुढे होऊन प्रथम हात हुंगू देतो. मग दात पाहतो, कानांमागून मान, खांदा, बरगड्या, पाठ, मांड्या असा हात फिरवीत जातो. नंतर कुत्र्याला सरळ रेषेत दूर पळवून परत आणतात आणि एक फेरा मारवितात. सर्वांत चांगले ठरलेले जातीचे प्रतिनिधी होऊन आपल्या गटाच्या स्पर्धेत जाते. असे सात गट असतात. त्यांतील सात विजेत्यांतून अखेरचा एक निवडला जातो.

शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंनी पूर्वी परीक्षकाचे काम केले होते. त्यांनी मला मर्म सांगितले. परीक्षक एका कुत्र्याची दुसऱ्याशी तुलना करीत नाही. प्रत्येक जातीच्या आदर्श लक्षणांचे लेखी वर्णन असते. समोरचे कुत्रे त्या वर्णनाच्या किती जवळ पोचते, एवढेच तो पाहतो. मला हे फार न्याय्य वाटले. धर्मविद्यालयात नीतिशास्त्र शिकताना आम्हीही असेच शिकलो होतो. नियम आधी, व्यक्ती नंतर. म्हणजे पक्षपात होत नाही.

परंतु त्या वर्षी प्रदर्शनात चर्चा निराळ्याच गोष्टीची होती. बुलडॉग ही जात पूर्वी इंग्लंडात बैलांशी झुंजविण्यासाठी पाळीत. १८३५ साली त्या झुंजींवर कायद्याने बंदी आली. पुढे १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. जातिवंत कुत्र्यांच्या वंशनोंदवह्या ठेवल्या जाऊ लागल्या आणि ज्याचे आईबाप वहीत, त्याचेच नाव वहीत, असा दंडक पडला. काम संपलेल्या बुलडॉगला आता केवळ रूप उरले. मोठे डोके आणि चपटे नाक ही शोभा ठरली. परीक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच निवडले. परिणाम असा की चार पावले पळताच त्याला धाप लागते आणि पिल्लांची डोकी एवढी मोठी की बहुतेक माद्यांची प्रसूती पोट चिरूनच करावी लागते. २००८ साली बीबीसीने या विषयावर अनुबोधपट दाखविला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. पुढच्या वर्षी बीबीसीने प्रदर्शनाचे प्रक्षेपणच थांबविले आणि क्लबलाही आपली लक्षणवर्णने तपासून सुधारावी लागली.

मी गेलो त्या २०१२ साली नवा नियम प्रथमच लागू झाला होता. पंधरा जातींच्या विजेत्यांना पुढच्या फेरीपूर्वी स्वतंत्र पशुवैद्याने तपासावयाचे. त्यांपैकी सहा जातींचे विजेते नापास झाले. त्यांत बुलडॉग होता, पेकिनीजही होता. परीक्षकाने सर्वोत्तम ठरविलेला प्राणी वैद्याने आजारी ठरविला! धन्यांचा संताप अनावर झाला होता. परीक्षकांना अपमान वाटत होता. आणि गंमत अशी की परीक्षक खोटे वागलेच नव्हते. त्यांनी वर्णनाबरहुकूम निवाडा केला होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या मंदिराच्या वस्त्रागारातील कपाट डोळ्यांपुढे येत होते. त्या कपाटात बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आहेत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एका मुलीचे लग्न ठरत आले होते. मुलगी शिकलेली, मनमिळाऊ, गायनवृंदात पुढे. मुलाचे वडील मला भेटावयास आले. घराणे जुने, मंदिराच्या कामात सदैव हातभार. बोलता बोलता म्हणाले, ‘‘फादर, मुलीचं मूळ कुठलं, तेवढं जरा वहीत पाहून सांगता का?’’ मी कपाट उघडले. मुलीच्या आजोबांचा बाप्तिस्मा प्रौढ वयात आमच्याच मंदिरात झाला होता. पोटासाठी ते रेल्वेत गँगमन म्हणून घाटावर आलेले. नोंदीत त्यांचे गाव होते आणि पूर्वीचा धंदाही होता. मी ते वाचून दाखविले. गृहस्थांनी मान हलविली, माझे आभार मानले आणि ते निघून गेले. आठ दिवसांनी कळले की लग्न मोडले. कारण सांगितले गेले, ‘‘घराणं जुळत नाही.’’

मी खोटे काही सांगितले नव्हते. वहीत होते तेच वाचले होते. म्हणूनच तीन वर्षे मला काही टोचले नाही. बर्मिंगहॅमच्या त्या रात्री मात्र स्वच्छ दिसले की, जी वही माणूस देवाचे लेकरू झाल्याची साक्ष म्हणून ठेवली जाते, तिची मी वंशनोंदवही करून टाकली होती.

आपल्या पवित्र ग्रंथातही एक वंशनोंद आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा आरंभ तिनेच होतो. नाताळच्या सुमारास ती नावे वाचताना आपण थोडे कंटाळतोच. त्या यादीत तामार आहे, राहाब आहे, परदेशी रूथ आहे, उरियाची पत्नी आहे. ज्या नावांवर सोयरीक मोडावी, ती नावे शुभवर्तमानकाराने मुद्दाम राखली आणि त्यांच्याच वंशात तारणारा जन्मला असे लिहिले. पुढे एक गोष्ट वाचनात आली. डाल्मेशियन कुत्र्यांच्या रक्तात एक जन्मजात दोष असतो. त्यामुळे त्यांना मूतखड्याचा विकार होतो. १९७३ साली अमेरिकेत एका शास्त्रज्ञाने डाल्मेशियनचा संकर एकदाच पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी केला. पुढच्या पिढ्यांतून तो दोष गेला आणि ठिपके तसेच राहिले. तरीही त्या वंशाला नोंदवहीत जागा मिळण्यास जवळजवळ चार दशके लागली. परक्या रक्ताच्या एका थेंबाने बरे होणे वहीवाल्यांना मंजूर नव्हते.

परतल्यावर मी काकांना सारा वृत्तान्त सांगितला. ते बिजलीच्या मानेवर हात ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘‘परीक्षक वर्णन बघतो, हे कळलं. पण वर्णन कोण बघतो?’’

मी त्यांना माझी चूकही सांगितली आणि म्हणालो, ‘‘काका, आता कोणाचा निवाडा करणे नको.’’

यावर ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘तसं कसं चालेल, फादर? निवड केल्याशिवाय चांगलं टिकत नाही. मी पिल्लू घेताना दहांतून एकच घेतो. पण त्याच्या आईला रानात पळवून बघतो, तिचा श्वास ऐकतो. इंजिन शेडमध्ये कितीही चमकलं, तरी घाटाला लावल्याशिवाय त्याचं बळ कळत नाही. तुम्ही त्या पोरीला ओळखत होता. तुम्हाला विचारलं तेव्हा पोरगी कशी आहे ते सांगायचं होतं. तुम्ही वही उघडलीत.’’

धर्मविद्यालयातील माझ्या सर्व वर्षांत इतके नेमके प्रायश्चित्त मला कोणी दिले नव्हते. शमुवेल संदेष्ट्यापुढून इशायाचे सात पुत्र असेच ओळीने गेले होते, उंचेपुरे, देखणे. ज्याला निवडावयाचे होते तो मेंढरांमागे रानात होता आणि त्याला बोलावण्याचे त्याच्या बापालाही सुचले नव्हते. देवाने शमुवेलला निवड करू नकोस असे सांगितले नाही. कोठे पाहावयाचे, तेवढे सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या घरी गेलो. तिच्या वडिलांपुढे सारे कबूल केले आणि क्षमा मागितली. ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला, तो निवत होता. मग ते हळूच म्हणाले, ‘‘फादर, त्या वहीत माझ्या वडिलांचं नाव आहे, हे मला ठाऊक होतं. पण मी ते कधी पाहिलं नाही. दाखवाल?’’

आम्ही दोघे मंदिरात आलो. मी वही काढली, पान उघडले आणि बाजूला झालो. त्यांनी चष्मा पुसला. गावाच्या आणि धंद्याच्या रकान्याकडे त्यांची नजर गेलीच नाही. फिकट शाईतल्या नावावरून त्यांनी एकवार बोट फिरविले, तारीख वाचली आणि म्हणाले, ‘‘ते सांगायचे, त्या दिवशी फार पाऊस होता. मंदिरात शिरताना नखशिखांत भिजले होते. म्हणायचे, फादरनी पाणी ओतण्याआधीच माझा अर्धा बाप्तिस्मा झाला होता.’’

आणि आम्ही दोघेही हसलो.

ड्रायव्हरकाका आज नाहीत, बिजलीही नाही. मुलगी दुसऱ्या गावी आपल्या संसारात आहे. तिचे भले झाले, म्हणून माझी चूक लहान होत नाही. त्यानंतर माझी बदली झाली. तेथेही कपाट आहे आणि वह्या आहेत. दाखला मागावयास कोणी आले की मी प्रथम विचारतो, ‘‘कशासाठी?’’ संस्कारासाठी हवा असेल, तर लगेच लिहून देतो. केवळ मूळ जाणून घ्यावयाचे असेल, तर किल्ली खिशातच ठेवतो आणि म्हणतो, ‘‘बसा. मुलगी कशी आहे, ते सांगतो.’’