इंटेल, एएमडी आणि मोगऱ्याचे पैसे

"इंटेल घेऊ की एएमडी?" हा प्रश्न मला वर्षातून निदान दहा वेळा तरी विचारला जातो. कॉम्प्युटरमध्ये काम करतो म्हटलं की प्रिंटरच्या अडकलेल्या कागदापासून ते पोराच्या गेमिंग पीसीपर्यंत सगळं आपल्याच गळ्यात पडतं, त्याची आता सवय झालीय. बहुतेक वेळा "बजेट किती?" असा उलट प्रश्न टाकून मी वेळ मारून नेतो. पण या वेळी विचारणारा माझा भाचा होता, आणि त्याच्याकडचे ८०,००० रुपये कुठून आले ते मला चांगलं ठाऊक होतं.

निर्मळला ताईच्या घरामागे वाडी आहे. थोडी केळी, थोडा मोगरा. मोसमात कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या आणि पहाटे नालासोपाऱ्याहून गाडी पकडून दादरच्या फुलबाजारात पोचवायच्या. दोन मोसम ही खेप भाचा करतोय, डिप्लोमाचं कॉलेज सांभाळून. खेपेमागे आजी जे हातावर ठेवते ते, आणि सुट्टीत एका दुकानात काम करून मिळालेले, असे मिळून हे पैसे. ताईची अट एकच : "एकदाच काय ते घे. पाच वर्षं परत मशीनचं नाव काढायचं नाही."

पोरगा लॅमिंग्टन रोडवर जाऊन कोटेशन घेऊन आला होता. पहिल्याच ओळीत रायझन ७ ९८००एक्स३डी. गेमिंगसाठी अतिशय वेगवान म्हणून ज्याचं नाव घेतात तो. निम्म्याहून जास्त पैसे त्यातच संपत होते. आणि ग्राफिक्स कार्डाच्या रकान्यात काय लिहिलं होतं? "नंतर"! त्याचा मित्र कट्टर इंटेलवाला. तळ्याच्या कट्ट्यावर दोघांची रोज जुंपायची.

मी म्हटलं, "अरे, आधी हे सांग, गेम चालू असताना प्रोसेसर नक्की करतो काय?"

"सगळंच!" इति भाचा.

सगळं नाही. पडद्यावरचं प्रत्येक चित्र, म्हणजे एक फ्रेम, दोघं मिळून तयार करतात. शत्रू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, माऊस किती सरकला, भिंतीमागे काय लपलंय, हा हिशोब प्रोसेसरचा. मग "हे असं असं काढ" अशी यादी तो ग्राफिक्स कार्डाकडे देतो आणि रंगकाम कार्ड करतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. या दोघांत ज्याला जास्त वेळ लागतो त्याच्यासाठी दुसरा ताटकळत बसतो. म्हणजे फ्रेमरेट ठरवतो तो दोघांतला हळू गडी.

आता हा हिशोब करताना प्रोसेसर कशात अडकतो? पुष्कळांना वाटतं गिगाहर्ट्झमध्ये, किंवा कोअर किती त्यात. गेमच्या बाबतीत बऱ्याचदा तो अडकतो वाट बघण्यात. म्हणजे बघा, ताई स्वयंपाक करतेय. मीठ-मसाला हाताशी मिसळणाच्या डब्यात आहे, डाळ-तांदूळ फडताळात आहे, आणि जे घरात नाही त्यासाठी नालासोपाऱ्याच्या बाजारात जायला हवं. ताईचा हात कितीही झरझर चालो, दर दोन मिनिटांनी बाजारात जावं लागलं तर जेवणाला उशीर हा होणारच. प्रोसेसरमधली कॅश म्हणजे डबा आणि फडताळ. रॅम म्हणजे बाजार. ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा. रॅमपर्यंतची एक खेप ८० नॅनोसेकंदांची धरली तर तेवढ्यात ४०० ठोके फुकट जातात!

गेमचा हिशोब असा असतो की शेकडो वस्तूंची माहिती इकडून तिकडून सारखी उचलावी लागते. म्हणून एएमडीने काय केलं, तर फडताळच मोठं केलं. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डीमध्ये नेहमीच्या ३२ मेगाबाइट कॅशवर आणखी ६४ मेगाबाइटचा थर चढवला, एकूण ९६. कोअर तेच आठ आणि क्लॉक उलट थोडा कमी, तरी गेममध्ये तो आपल्याच घरातल्या जास्त क्लॉकच्या भावंडांना मागे टाकू लागला. नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये तोच थर कोअरच्या खाली सरकवला, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला सोपी झाली आणि क्लॉकही वाढवता आला. इंटेलच्या कोअर आय९-१४९००केमध्ये २४ कोअर आहेत पण ही सामायिक कॅश ३६ मेगाबाइट. व्हिडिओ रेंडर करायला ते २४ गडी उपयोगी पडतात. गेमला बऱ्याचदा इतके गडी लागतच नाहीत, त्याला मोठं फडताळ लागतं.

"म्हणजे एएमडीच भारी ना मामा?" भाच्याने मित्राकडे विजयी मुद्रेने बघितलं.

थांब. गेली पंचवीस वर्षं हा सामना बघतोय मी. मार्च २००० मध्ये १ गिगाहर्ट्झचा टप्पा एएमडीने इंटेलच्या दोनच दिवस आधी गाठला. मग इंटेलने पेंटियम ४ काढून गिगाहर्ट्झच्या आकड्यांचा सपाटा लावला. २००३ मध्ये आलेल्या अॅथलॉन ६४ ने मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच बसवला, म्हणजे बाजाराचा रस्ताच छोटा केला, आणि कमी गिगाहर्ट्झ असूनही गेममध्ये तो पेंटियम ४ ला भारी पडायचा. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला आणि पारडं फिरलं. २०११ चा एएमडीचा बुलडोझर आठ कोअरचा म्हणून गाजावाजा करत आला आणि गेममध्ये त्याच वर्षीच्या चार कोअरच्या इंटेलपुढे पडला. २०१७ मध्ये रायझन आला, पुन्हा चुरस. २०२१ च्या अखेरीस इंटेलची १२ वी पिढी पुढे, मग २०२२ पासून तो कॅशचा थर. जो आज हरलाय त्याच्या नावाने बोटं मोडू नयेत, चार वर्षांनी तोच जिंकलेला असतो.

आणि गंमत म्हणजे माणसं तीच असतात! विनोद धाम यांचा जन्म पुण्यातला, १९५० चा. पेंटियमचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९९३ साली तो पेंटियम बाजारात आला, १९९५ साली धाम यांनी इंटेल सोडलं आणि ते नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली, आणि १९९७ साली त्यातून आला के६, पेंटियमच्याच सॉकेटमध्ये बसणारा, पेंटियमच्या तोंडाला फेस आणणारा! ज्याने पेंटियम घडवला त्याला निष्ठेचं कोडं पडलं नाही, आपण मात्र कट्ट्यावर भांडतोय.

आपला फायदा एवढाच की दोघं टिकून असावेत. एएमडी दमली होती त्या वर्षांत, २०११ ते २०१६, इंटेलचे सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोसेसर चार कोअरच्या पुढे सरकले नाहीत. २०१७ च्या मार्चमध्ये आठ कोअरचा रायझन आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेललाही सहा कोअर सुचले :-)

असो. नुसत्या बोलण्याने पोरांचं समाधान होईना, म्हणून एका रविवारी ताईच्या ओटीवर प्रयोगच केला. मित्राचा कोअर आय५-१२४००एफ आणि शेजारच्या दादाचा रायझन ५ ७६००, दोन्ही सहा कोअरचे. मधल्या किमतीचं एकच ग्राफिक्स कार्ड आळीपाळीने दोन्हीत लावायचं. मॉनिटर भाच्याचाच, १०८०पी, ६० हर्ट्झचा. दोन्ही कॅबिनेटवर चादर टाकली, फ्रेमचा आकडा झाकला, आणि एकेका पोराला बसवून विचारलं, सांग यातला इंटेल कोणता?

सायबरपंक २०७७ मध्ये कुणालाच सांगता येईना. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये दोन-तीन जण छातीठोकपणे बोलले, पण दुसऱ्या फेरीत त्यांचंच उत्तर फिरलं. मग आकडा उघडला. काउंटर-स्ट्राइकमध्ये रायझन पुढे होता हे खरं, पण दोन्ही मशीन ६० च्या कितीतरी वर. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळाच ताजा होतो, वरच्या फ्रेम तो दाखवणार कुठून? माऊसचा प्रतिसाद किंचित लवकर पोचतो, स्पर्धा खेळणाऱ्याला त्याचं मोल आहे. पण भाचा स्पर्धा खेळत नाही, रात्री जेवल्यावर खेळतो.

मग दुसरा प्रयोग, जो तुम्हीही घरी करू शकता. गेमचं रिझोल्यूशन कमी करायचं. कार्डाचं रंगकाम कमी होतं, प्रोसेसरचा हिशोब मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. फ्रेमरेट भरपूर वाढला तर समजावं अडत होतं कार्डामुळे. जागचा हलला नाही तर अडतोय प्रोसेसर. सायबरपंकमध्ये रिझोल्यूशन उतरवताच दोन्ही मशीनवर आकडा वर गेला. काउंटर-स्ट्राइकमध्ये फारसा हलला नाही. भाच्याला खेळायच्या असलेल्या गेमपैकी बहुतेक पहिल्या जातीचे निघाले. म्हणजे कोटेशनमध्ये जिथे "नंतर" लिहिलं होतं, नेमकं तिथेच त्याचं घोडं अडणार होतं.

निर्मळच्या यात्रेत सुकेळी घेताना आपण दुकानाची पाटी वाचून घेत नाही, एक तुकडा मोडून तोंडात टाकतो. तसंच हे.

आणखी काही गोष्टी मोठमोठ्या तुलनांमध्ये सापडत नाहीत, कारण त्या एसी लावलेल्या खोलीत केलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात ओटीवर घाम निथळतो, कळंबचा समुद्र जवळ, हवा खारी आणि दमट. १४९००के पूर्ण ताणावर २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो. ते वॅट शेवटी त्याच खोलीत गरम हवा होऊन फिरतात. समजा दोन प्रोसेसरमध्ये खेळताना ८० वॅटचा फरक आहे आणि पोरगा रोज तीन तास खेळतो, तर महिन्याला ७.२ युनिट झाले. बिलात फार नाही, पण पंखा असलेल्या खोलीत जाणवतं. शिवाय पावसाळ्यात वीज जाते-येते. तेव्हा एसएमपीएस चांगला आणि यूपीएस हवाच, त्यात काटकसर नको.

व्होल्टेजवरून आठवलं. २०२३ मध्ये एएमडीचे काही ७०००एक्स३डी प्रोसेसर मदरबोर्डवर जादा व्होल्टेजने जळाले, मग एएमडीने व्होल्टेजवर मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले वरचे प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या, तिथेही कारण व्होल्टेजच. इंटेलने मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणून कोणताही घ्या, मशीन जोडल्यावर आधी बायोस अपडेट करा. आणि पक्कं बिल घ्या, डबाबंद प्रोसेसर घ्या. दोनेक हजार वाचवायला ट्रेमधला घेतला की वॉरंटीच्या वेळी दुकानदार ओळख दाखवत नाही.

उरला प्रश्न ताईच्या पाच वर्षांचा. इथे मात्र कंपनी बघावी लागते, कारण सॉकेट. १२४००एफचा सॉकेट १४ व्या पिढीवर थांबला, २०२४ पासून इंटेलचा सॉकेट वेगळा आहे. एएमडीने एएम५ हा सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवणार असं जाहीर केलंय. म्हणजे आज ७६०० लावला तरी उद्या त्याच बोर्डवर मोठ्या कॅशवाला बसवता येईल. इंटेलच्या बाजूनेही एक मुद्दा आहे हं. १२४००एफ डीडीआर४ च्या बोर्डवर चालतो, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती ज्या भडकल्या त्या बघता ज्याच्याकडे जुनी डीडीआर४ पडून आहे त्याच्यासाठी तो शहाणपणाचा सौदा ठरतो. मित्राचं मशीन वाईट नाही, हे मी भाच्यासमोरच त्याला सांगितलं. तेवढीच कट्ट्यावर शांतता.

भाच्याकडे जुनं काहीच नव्हतं. त्याने शेवटी रायझन ५ ७६०० घेतला, कोटेशनमधल्या प्रोसेसरपेक्षा कितीतरी स्वस्त. वाचलेल्या पैशांत मधल्या किमतीचं ग्राफिक्स कार्ड आलं, नावाजलेला एसएमपीएस आला, आणि शेवटच्या पैशांत यूपीएस. मॉनिटर जुनाच. तो बदलेल तेव्हा प्रोसेसरचा विचार पुन्हा करू, सॉकेट आहेच.

ताईने विचारलं, "मग सगळ्यात भारी घेतला ना रे?" भाचा म्हणाला, "नाही आई. मला पुरेल तो घेतला." दोन मोसम पहाटेची गाडी पकडणाऱ्या पोराला पैशाची किंमत मी वेगळी काय शिकवणार? फक्त कुठे मोजायचं ते दाखवलं.

तुम्हीही नवा प्रोसेसर घ्यायच्या विचारात असाल तर आज रात्री आपल्या जुन्या मशीनवर रिझोल्यूशन उतरवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आकडा उडी मारून वर गेला, तर प्रोसेसरचे पैसे खिशातच ठेवा.