दप्तर कधी उतरतं?



जून आला की आपल्या सगळ्यांच्या घरी एकच धांदल असते. नवी पुस्तकं, कव्हरं, डबा, दप्तर. यंदा माझ्या घरीही धांदल होती, पण ती खोकी, सुतळी आणि चिकटपट्टीची. साताऱ्याचं तिसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं घर विकून आम्ही दोघं तळेगाव दाभाड्याजवळ ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतीत राहायला आलो. घर नवं, विकत घेतलेलं, आमच्या दोघांच्या नावावर. तरी ते 'आपलं' व्हायला किती दिवस लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. आणि ज्या बाईने तेहेतीस वर्षं, त्यातली बहुतेक पहिलीच्या वर्गावर, काढली, तिला ते ठाऊक असायला हवं होतं. म्हणून आज हा पाठ मुलांचा नाही, माझा.

आमच्या पिढीतल्या पुष्कळांसारखी माझीही शाळेतली जन्मतारीख १ जून. गुरुजींनी लिहिली ती खरी. त्यामुळे अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि गेल्या वर्षी ३१ मे रोजी मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. आमचे हे बँकेतून त्याआधीच निवृत्त झालेले. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि जिना हा रोजचा शत्रू झाला. भाजी आणायला उतरायचं तरी दहा वेळा विचार. शेवटी मुलीने आणि मी मिळून हे घर पाहिलं, पसंत केलं. ह्यांनी सह्या केल्या. 'हो' असं मात्र कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

घर म्हणाल तर सोयीचं आहे. दाराला उंबरठा नाही. बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणारी फरशी, पलंगाशेजारी मदतीची घंटा. दोन वेळचं जेवण हवं तर खाली भोजनगृहात, नको तर आपला ओटा आहेच. तुम्ही तुमच्या आई-वडिलांसाठी असं घर पाहणार असाल तर एक सांगते. मे २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले. एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल असे निदान ९०० मिलिमीटर रुंद दरवाजे, स्नानगृहात आधाराचे दांडे, अशा गोष्टी त्यात आहेत. त्या करारनाम्यात लिहिलेल्या आहेत का, ते वाचून घ्या. दरमहा देखभालखर्च किती, तो कसा वाढणार, घर मालकीचं की नुसती अनामत भरून राहायचं, आपल्यामागे ते मुलांना विकता येईल का, त्यांना तिथे राहता येईल का, पाहुणे किती दिवस चालतात, हे सगळं आधीच विचारा. आम्ही विचारलं होतं. एकच गोष्ट विचारायची राहिली. ती म्हणजे आमच्या ह्यांना काय वाटतंय.

पहिल्या आठवड्यात मी घर असं लावलं, जसा जूनमध्ये वर्ग लावायचा. भांडी जागेवर, कपडे जागेवर, देव जागेवर. औषधांचे डबे, त्यावर चिठ्ठ्या. हे गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसून बघायचे. ह्यांची तीन खोकी तशीच भिंतीला लावून ठेवलेली, सुतळीसकट. "अहो, सोडा ना ती खोकी," असं मी रोज म्हणायची. "बघू," असं हे रोज म्हणायचे.

आणि बोलता बोलता 'घरी' म्हणायचे. "घरी असतो तर आत्ता पाववाला आला असता." "घरी या वेळेला गॅलरीत ऊन यायचं." 'घरी' म्हणजे साताऱ्याला, हे मला कळायचं आणि रागही यायचा. मग मी यादी सुरू करायची. बघा हवा किती छान! लिफ्ट आहे! खाली वाचनालय आहे! गो. नी. दांडेकर याच तळेगावात राहिले, ठाऊक आहे ना? हे मान डोलवायचे आणि पुन्हा गप्प.

दहाव्या दिवशी हे आंघोळीला गेले असताना मी एक खोकं उघडलं. वाटलं, आपणच लावून टाकू, सुटेल एकदाचं. वरची वर्तमानपत्रं काढली, तेवढ्यात हे बाहेर आले. छत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांचा आवाज चढलेला मी मोजक्या वेळा ऐकलाय. "तू घर लावत नाहीयेस, वर्ग लावतेयस. आणि मी तुझा विद्यार्थी नाही," एवढं बोलून हे गॅलरीत गेले. त्या दिवशी दुपारचं जेवण कोणीच नीट केलं नाही.

रात्री झोप लागेना. मला एक मुलगा आठवला.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आजोळी राहायला आलेला, पहिलीत दाखल झालेला. तो रडायचा नाही, पण दप्तर खांद्यावरून उतरवायचा नाही. बसला तरी पाठीवर, खेळायला गेला तरी पाठीवर. मी रोज गोड बोलून दप्तर काढून खुंटीला लावायची आणि तो रोज उठून ते परत घ्यायचा. सहाव्या-सातव्या दिवशी मी जरा ओढूनच काढलं. त्यानंतर दोन दिवस तो शाळेतच आला नाही.

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, ऱ्हाऊ द्या की पाठीला. त्याचं घर हाय त्यात."

खरंच होतं ते. नंतर एकदा पाहिलं तर दप्तरात पाटी, अर्धा लाडू आणि आईच्या जुन्या साडीचा तुकडा. मी दप्तराचं नाव काढणं सोडलं. मावशींनी त्याला मधल्या सुट्टीत ताटल्या मोजून द्यायचं काम दिलं. ताटल्यांची चळत धरायला दोन्ही हात लागतात, पाठीवरचं दप्तर पुढे घसरतं. दोन-तीन दिवसांनी त्याने आपणहून ते काढलं आणि भिंतीशी ठेवलं. कोणी काही बोललं नाही. मावशींनी मला डोळ्यांनीच गप्प बसवलं होतं.

तुम्हा शिक्षकांना आठवत असेल, २०२१ मध्ये एनसीईआरटीने 'विद्याप्रवेश' हा पहिलीच्या मुलांसाठीचा कार्यक्रम आणला. तीन महिन्यांचा, खेळांमधून शाळेची ओळख करून देणारा. बारा आठवडे! सहा वर्षांच्या मुलाला रुळायला एवढा वेळ लागतो, हे मी पालकसभेत उभी राहून सांगितलंय. आणि तीन दशकांहून जास्त एका घरात राहिलेल्या माणसाला मी दहा दिवस दिले होते.

सकाळी ह्यांना म्हटलं, "चुकलं माझं." खोक्यात वर्तमानपत्रं होती तशी घातली आणि सुतळी बांधून दिली. हे काही बोलले नाहीत, पण चहा ह्यांनी केला.

त्यानंतर मी तीन गोष्टी पाळल्या. खोक्यांबद्दल बोलायचं नाही. हे 'घरी' म्हणाले तर दुरुस्त करायचं नाही, उलट विचारायचं, "पाववाला कितीला यायचा हो?" आणि जेवायला खाली गेलं की ह्यांच्या वतीने मी बोलायचं नाही. तिसरी सर्वांत अवघड होती. बाईंना गप्प बसायची सवय नसते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको!

जुलैत एका संध्याकाळी शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ आले. वसाहतीचे पाण्याच्या टँकरचे हिशेब बघायला बँकेतलं कोणी हवं होतं. हे दोन तासांनी वर आले ते चष्मा कपाळावर ठेवूनच. "अगं, एकाच तारखेची दोन बिलं आहेत!" मग रोज अकरा वाजता हे खाली. आठवड्याभराने जेवताना मला म्हणाले, "तुला माहितीय, टिळकांच्या वेळचा पैसा फंडाचा काच कारखाना इथेच निघाला. १९०८ साली. अंताजी दामोदर काळ्यांची कल्पना. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून देशी उद्योग काढायचे." मला सगळं ठाऊक होतं, मुलांना शिकवलेलं. तरी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. कारण ह्यांच्या तोंडून 'इथेच' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी चौरंग शोधत होते. हे उठले, तिसऱ्या खोक्याची सुतळी सोडली आणि सासऱ्यांच्या वेळचा चौरंग बाहेर काढला, जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळलेला. मागोमाग उरलेली दोन्ही खोकीही सुटली. मी बोटं मोजली. आम्हाला येऊन अकरा आठवडे झाले होते.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. मुलगी नातवाला घेऊन बंगळुरूहून गणपतीला आली. दारातच थबकून म्हणाली, "आई, घर सुरेख आहे गं. पण माझं माहेर साताऱ्यालाच राहिलं." पंधरा दिवसांच्या वर पाहुणा राहणार असेल तर इथे कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. पोटच्या लेकीला पाहुणी म्हणून लिहायचं, हे मलाही अजून जड जातं. पण या वेळी मी तिला सोयींची यादी ऐकवली नाही. "हो गं," एवढंच म्हटलं. रात्री तिघींनी, म्हणजे मी, ती आणि शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजींनी, मोदकांचं सारण केलं. तिचं माहेर इथे होईल की नाही, ते तीच ठरवेल. तिचे आठवडे मी मोजणार नाही.

मित्रहो, तुमच्या वर्गात दर वर्षी एक तरी मूल दप्तर न उतरवणारं असतं. बदली झालेल्या घरातलं असेल, गाव बदललेलं असेल. पालकांनो, तुमच्या घरी मुलाकडे राहायला आलेले आजी-आजोबा असतील, बॅग न उघडता कोपऱ्यात ठेवून बसलेले. "रडू नको, इथे बघ किती मज्जा आहे," हे वाक्य मी हजार वेळा तरी बोलले असेन. आता वाटतं, त्याऐवजी आधी घरचं विचारायला हवं होतं आणि मग दोन्ही हातांना पुरेल असं एखादं खरं काम द्यायला हवं होतं.

परवा भाजीवाल्याने ह्यांना विचारलं, "काका, नवीन का इथं?" हे म्हणाले, "नवीन कसले, जूनपासून आहोत."