पळत्या जोडीचे उभे फोटो

शंकरपटाचे, म्हणजे बैलगाडीच्या शर्यतीचे, माझे पहिले फोटो पाहून गावातले एक तात्या म्हणाले, "बैल बांधून काढले व्हय रे?"

मला राग आला. फोटोत खोट काढायला जागा नव्हती. शिंगाच्या गोंड्यातला दोरा न् दोरा दिसत होता, गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या कपाळावरचा घामसुद्धा. तात्यांना फोटोतलं काय कळतं, असं मनात म्हणून मी मोबाइल खिशात घातला. कळत नव्हतं ते मला.

मी उमापूरचा, धंदा लग्नाच्या फोटोंचा. या धंद्यात एक खोड लागते. समोरचं जग आपल्या शब्दावर थांबतं, असं वाटायला लागतं. नवरी हार धरून ताटकळते, "एक मिनिट मामा" म्हटलं की मामा आहे तिथं उभा राहतो. हीच खोड घेऊन मी पटात उतरलो. गाडी जोरात येणार म्हणून शटर 2000 ला ठेवलं, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. एवढ्या वेळात पळणारं चाक जागचं हलत नाही. आरे मोजता यावेत असं चाक, हवेत अडकलेली धूळ आणि चार पायांवर निवांत दिसणारे बैल. वेग मी हातानं पुसून टाकला होता.

सराव नव्हता हेही खरं. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली. राज्यानं 2017 मध्ये कायदा केला, पण तो कोर्टात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला अटी घालून परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात कुठं चोरून पट भरलाच, तर तिथं कॅमेरेवाल्याला कोण उभं करणार? त्यामुळं बंदी उठली तेव्हा बैल नवे, धुरकरी नवे आणि आम्ही फोटोवालेही नवेच.

मग कुणीतरी सांगितलं, शटर कमी कर आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरव. पळणारी वस्तू रेखीव येते, मागचं सगळं फराटून जातं. सरावासाठी मी गेवराईला सोलापूर-धुळे महामार्गाच्या कडेला उभा राहायला लागलो. समोरून एसटी गेली की कॅमेरा तिच्या मागं. दोन-चार ट्रकवाल्यांनी मला आरटीओचा माणूस समजून वेग कमी केला, तो माझ्या काही उपयोगाचा नव्हता. बरेच दिवस नुसता फराटा यायचा, कारण बटण दाबताक्षणी माझे हात थांबत होते. पाय गाडी जिथं टिपायची तिकडं तोंड करून रोवायचे, कमरेतून मागं वळायचं, गाडी येईल तसं तिच्याबरोबर फिरायचं आणि फोटो निघाल्यावरही फिरत राहायचं, एवढं अंगात बसलं तेव्हा कुठं 30 च्या शटरवर लालपरीची पाटी वाचता यायला लागली.

याच गुर्मीत पुन्हा पटात गेलो आणि पुन्हा आपटलो. एसटी सरळ रेषेत जाते, तिचा टप खालीवर होत नाही. बैल पळताना मान वर टाकतो, खाली घालतो, पाठ उचलतो. त्यात जोडीतल्या दोघांचं पाऊल एका वेळी पडेलच असं नाही. 30 ला काढलेल्या फोटोत छकडी बरी आली, पण बैलांच्या जागी नुसता पांढरा धूर. मोटारीचा हिशेब जनावराला लावायचा नसतो, हे मला मोटारीवर शिकल्यामुळंच उशिरा कळलं. आता मी 125 च्या आसपास राहतो, ऊन आणि अंतर पाहून थोडं खालीवर. नजर शिंगाच्या बुडाशी आणि डोळ्यावर. पाय फराटले तरी चालतात, डोळा गेला की फोटो गेला.

रंगानंही मला फसवलं. पटात बहुतेक खिलार, म्हणजे पांढरा बैल, आणि आमच्या गोदाकाठची जमीन काळीभोर. कॅमेऱ्याच्या मीटरला चौकटीत काळंच जास्त दिसतं, तो उजेड वाढवतो आणि बैलाची पाठ कोऱ्या कागदासारखी पांढरी निघते, अंगावरची शीरही दिसत नाही. उजेड आपण होऊन एखादा टप्पा कमी ठेवायचा, एवढाच उपाय. लग्नात काळ्या कोटातल्या नवरदेवाशेजारी पांढऱ्या शालूतली नवरी उभी असतानाही हेच होतं. तिथं मी ते निस्तरत होतो, पटात ते सुचलं नाही.

मोबाइलवर काढलेल्या फोटोतली चाकं वाकडी दिसतात म्हणून पोरं हसतात. मोबाइल चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीनं घेतो, तेवढ्यात चाक पुढं सरकतं. जाक-आंरी लार्तीग या फ्रेंच पोरानं शंभरहून जास्त वर्षांपूर्वी मोटारींच्या शर्यतीत फोटो काढला, त्यात चाक पुढं कललेलं अंडाकृती आलं आणि प्रेक्षक उलट मागं झुकलेले. त्याच्या कॅमेऱ्यातल्या पडद्याची फट सरकत होती आणि तो कॅमेरा फिरवत होता, त्याचा हा परिणाम. तो फोटो पुढं वेगाचा नमुना म्हणून जगभर छापला गेला. मी मात्र माझ्या मोबाइलमधली तसली सगळी चाकं बिघाड समजून पुसून टाकली.

इथवरच्या चुकांत नुकसान माझं एकट्याचं होतं. पुढच्या दोन चुकांचं तसं नाही.

पुणे जिल्ह्यात शर्यतीच्या घाटात चार बैल पळतात आणि पुढं घोडी असते. आमच्याकडं शंकरपटात दोन बैल, छकडी आणि घड्याळ. सेकंदाच्या तुकड्यावर निकाल लागतो. एका पटात समोरून येणारी जोडी हवी म्हणून मी शेवटच्या रेघेपाशी पट्टीत सरकलो आणि गुडघ्यावर बसलो. लेन्सच्या तोंडाला मोठं काळं हूड होतं. आतल्या अंगाचा बैल ते पाहून बुजला, जोडी तिरकी झाली आणि छकडी कडेच्या माणसांजवळून गेली. कुणाला लागलं नाही. मालकानं मला शिवी दिली नाही, नुसतं विचारलं, "बैलाच्या म्होरं काहून बसलास?" वर्षभर खुराक घालून तयार केलेल्या जोडीची वेळ माझ्या एका फोटोपायी गेली. तो फोटो तर हललेलाच आला.

दुसरी गोष्ट मी फार जणांना सांगितलेली नाही. एका जिंकलेल्या जोडीचा फोटो अगदी मनासारखा साधला होता. घरी मोठा करून पाहिला तर धुरकऱ्याची मूठ शेपटीवर, शेपटी पिरगाळलेली. जनावराला मारायचं नाही, इजा करायची नाही, याच अटीवर शर्यती परत मिळाल्या आहेत. फ्लेक्ससाठी मालकाला फोटो हवा होता. मी मागची बाजू कापली, पैसे घेतले आणि मूळ फाइल पुसली. मालक त्या बैलांना घरातल्या पोरांच्या आधी चारा घालतो, हे मी पाहिलं आहे आणि तेही खोटं नाही. पण फाइल पुसायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ती असती तर निदान त्या धुरकऱ्याला एकट्याला बाजूला घेऊन दाखवता आली असती.

यंदा पटात कॅमेरा घेऊन येणार असाल तर पट्टीच्या कडेला, बांबूच्या बाहेर, रेघेच्या बरंच अलीकडं उभे राहा. फ्लॅश बंद ठेवा. रेघेच्या पलीकडं अजिबात जाऊ नका. घड्याळ तिथं थांबतं, जोडी नाही.