बेल्ट कंपनीचा की बाहेरचा?

तीन वर्षांपूर्वी मी सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस घेतली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० बीएचपी, वीस व्हॉल्व्ह. कॉलेजात असताना दांडिया बाजारातून ही गाडी गेली की आम्ही मित्र मान वळवून बघायचो. घरी आणली तेव्हा आईनं ओवाळलं. बाबांनी मात्र एकच विचारलं, "टायमिंग बेल्ट कधी बदललाय?"

आधीच्या मालकाकडे त्याची काहीच नोंद नव्हती.

बाबांच्या प्रश्नामागे २००९ साल होतं. मी बारावी संपवून बीईच्या प्रवेशाची वाट बघत होतो. आमच्या जुन्या छोट्या गाडीतून आम्ही आत्याकडे नाशिकला निघालो होतो. भरूचच्या अलीकडे इंजिन एकदम बंद पडलं. ना धूर, ना मोठा आवाज. सहा महिन्यांपूर्वीच बसवलेला बेल्ट तुटला होता. इंजिन पूर्ण उघडावं लागलं. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले आणि फीसाठी कर्ज काढलं.

हा बेल्ट क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट एका तालात ठेवतो. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक. ६००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. माझ्या गाडीच्या इंजिनात बेल्ट तुटला तर वर येणारे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं तर जुनी आवृत्ती परत चढवता येते. इथे तशी सोय नाही.

माझ्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला बेल्ट. दुसरा, गेट्स किंवा कॉन्टिटेकसारख्या बेल्ट बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या खोक्यातला. तिसरा, रेसिंगवाल्यांचा आवडता निळा बेल्ट.

निळ्याचा मोह पडला होता, खोटं कशाला बोलू? पण मी गाडी ऑफिसला नेतो, ट्रॅकवर नाही. इंजिनाची ताकद वाढवलेली नाही. शिवाय बेल्ट एकटा काम करत नाही. त्याला ताण देणारा टेन्शनर असतो, रोलर असतो, आणि या इंजिनात पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर फिरतो. यातलं एक जरी अडकलं तर कितीही भारी बेल्ट दात गमावतो किंवा उतरतो.

राहिले दोन. गाड्यांच्या कंपन्या बहुतेक वेळा बेल्ट स्वतः बनवत नाहीत, अशाच उत्पादकांकडून घेतात. म्हणजे खोक्यावरचं नाव बदललं तरी आतला माल पुष्कळदा त्याच कारखान्यातला असतो. मला मिळालेल्या दोन भावांत मात्र जवळजवळ दुपटीचा फरक होता. मी बाबांना हे लॅपटॉपवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "तू कंपनीचाच घे. तेव्हाही मी दुकानदाराला म्हटलं होतं, चांगल्यातला दे."

"मग कंपनीचा का नाही घेतलात?"

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या महिन्यात तुझ्या क्लासचा शेवटचा हप्ता होता."

सोळा वर्षं मी समजत होतो की बाबा काटकसरीच्या नादात फसले.

शेवटी मी उत्पादकाच्या खोक्यातला पूर्ण किट घेतला. बेल्ट, टेन्शनर, रोलर आणि पाण्याचा पंप. अधिकृत वितरकाकडून, पक्क्या बिलावर. पार्ट नंबर जुळवला, बेल्टवरची तारीख पाहिली. बाबांना पटावं म्हणून त्यांना दुकानात सोबत नेलं. बिल त्यांनी स्वतःच्या पाकिटात ठेवलं.

गॅरेजमध्ये ते स्टूल घेऊन दिवसभर बसले. जुना बेल्ट निघाला तेव्हा त्याच्या पाठीवर बारीक भेगा होत्या आणि कडेचे धागे सुटायला लागले होते. नवा बसवल्यावर मिस्त्रींनी खुणा जुळवल्या, क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवला, पुन्हा खुणा तपासल्या आणि मगच चावी फिरवली.

मित्रांनो, जुनी गाडी घेणार असाल तर आधी बेल्टची नोंद मागा. नोंद नसेल तर तो खर्च किमतीतच धरा. किलोमीटर कमी असले तरी वर्षं मोजा, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. कंपनीचा की बाहेरचा हा प्रश्न नंतरचा. बनवला कोणी, विकला कोणी आणि बसवला कोणी, हे आधी विचारा. बनावट माल दोन्ही खोक्यांत मिळतो.

दिवाळीत आम्ही नाशिकला गेलो. भरूच आलं तसं बाबांनी रेडिओचा आवाज कमी केला आणि इंजिन ऐकत बसले. नर्मदेचा पूल ओलांडल्यावर त्यांनीच तो पुन्हा वाढवला.