गळ्यावरची रेघ

मम्मीच्या गळ्यात गाठ निघाली तेव्हा रिपोर्ट मीच वाचला. घरात इंग्रजी कागद वाचायचं काम माझं. ‘पॅपिलरी कार्सिनोमा’ या दोन शब्दांचं मराठी करताना माझी जीभ अडखळली.

डॉक्टर म्हणाले, “हा कॅन्सर बहुधा हळू वाढतो, घाबरू नका. पण ऑपरेशन करावं लागेल.” गळ्यावर चीर देऊन इथेच करता येईल, किंवा मोठ्या शहरात जाऊन रोबोने, असंही त्यांनी सांगितलं.

त्या रात्री मी मोबाइलवर वाचत बसले. दक्षिण कोरियात, सोलच्या सेवरन्स हॉस्पिटलात २००७ मध्ये ही पद्धत सुरू झाली. काखेत चीर देतात, त्वचेखालून गळ्यापर्यंत वाट काढतात आणि डॉक्टर बाजूला कन्सोलवर बसून रोबोचे हात चालवतात. रोबो आपणहून काहीच करत नाही. गळ्यावर खूण राहत नाही. वेळ मात्र जास्त लागतो, खर्चही.

मी ठरवूनच टाकलं, रोबोच! कर्ज काढू, पण मम्मीचा गळा तसाच राहिला पाहिजे.

मम्मीने डॉक्टरांना एकच विचारलं, “माझा आवाज?” ती चर्चच्या क्वायरमध्ये लग्नाआधीपासून गाते. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. थायरॉइडच्या मागून स्वरयंत्राकडे बारीक नस जाते. ती दुखावली तर आवाज बसतो. रोबोच्या कॅमेऱ्यात सगळं मोठं दिसतं, तरी धोका दोन्हीकडे असतोच. ऑपरेशन करणाऱ्याचा हात किती सरावाचा, ते महत्त्वाचं.

मम्मीने इथलेच डॉक्टर निवडले. मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, “अगं, खूण तुला नकोय. मला चालेल.”

मला उत्तर सुचलं नाही. खरंच होतं ते. रोज ती रेघ बघायची माझीच तयारी नव्हती.

ऑपरेशन झालं. आवाज काही आठवडे घोगरा होता. ३ फेब्रुवारीला संत ब्लेझचा सण आला. त्या दिवशी आमच्याकडे दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून फादर प्रत्येकाच्या गळ्याला आशीर्वाद देतात. रांगेत मी मम्मीच्या मागे होते. तिचा नंबर आला तेव्हा तिने गळ्याभोवतीची ओढणी काढून माझ्या हातात दिली.

परत जागेवर येताना ती मी तिला दिली नाही, तिनेही मागितली नाही. शेवटचं गीत सुरू झालं. वरचा सूर तिला लागला नाही. खालच्या सुरात ती शेवटपर्यंत गात राहिली.